एका ध्वनिमुद्रिकेची पट्टी, लय आणि रस

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही झिंझोटी रागांतील ठुमरी लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर मावलेली आहे. अवघें तीन-सव्वातीन मिनिटांचें काम! ह्या तबकडीनें गदगच्या एका मुलाला घराबाहेर काढलें ही हकीकत आतां सर्वश्रुत आहे. भीमसेन जोशी यांनीं दुकानांत वाजणारी ही चीज लहानपणीं ऐकली, आपल्यालाही असें गातां आलें पाहिजे असा ध्यास घेतला, आणि १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, गुरूच्या शोधार्थ घर सोडलें. एका मुद्रिकेच्या अंगीं एवढें सामर्थ्य कशामुळें आलें ह्याचा विचार तिच्याविषयीं लिहिणाऱ्यांनीं क्वचितच केला आहे. बहुधा ‘आर्त’ आणि ‘करुण’ अशीं दोन विशेषणें पुढें येतात आणि तेथेंच लेख संपतो. ह्यांपैकीं दुसऱ्या विशेषणाविषयीं आम्हांस शंका आहे व तीच आज वाचकांपुढें मांडावयाची आहे. मात्र तिच्यापर्यंत पोंचण्यासाठीं पट्टी आणि लय ह्या दोन पायऱ्या चढल्यावांचून गत्यंतर नाहीं.

ही चर्चा करण्यास निमित्तही झालें आहे. अलीकडे संगणकाच्या साहाय्यानें गाण्यांच्या ज्या प्रचंड याद्या तयार होतात, त्यांत प्रत्येक गाण्यापुढें तीन नोंदी आढळतात : पट्टी अमुक, मिनिटास ठोके अमुक, आणि भाव अमुक. भावाचाही आंकडा असतो. शून्य म्हणजे खिन्नता आणि एक म्हणजे प्रसन्नता! किराणा दुकानांतील वजनमापासारखी ही व्यवस्था पाहून जुन्या मंडळींस हसूं येईल; परंतु केवळ हसून भागणार नाहीं. आमचे विद्यार्थी आतां गाणीं ह्याच याद्यांतून निवडतात, आणि जें यादींत नाहीं तें गाण्यांतही नाहीं अशी त्यांची हळूहळू समजूत होत चालली आहे. म्हणून ह्या तीनही नोंदी खाँसाहेबांच्या ह्या एका मुद्रिकेला लावून पाहाव्या आणि कोणती टिकते, कोणती गळून पडते, हें तपासावें असें आम्हीं योजिलें.

प्रथम पट्टी. पाश्चात्त्य संगीतांत ‘की’ ह्या शब्दानें दोन गोष्टी एकदम सांगितल्या जातात. आधारस्वर कोणता, आणि स्वरसप्तक कोणत्या जातीचें. आपल्याकडे ह्या दोन गोष्टींची फारकत फार पूर्वींच झालेली आहे. आधारस्वराला आपण पट्टी म्हणतों व ती गवयाच्या गळ्याच्या सोयीनें ठरते. कोणी पांढरी एकांत गातो, कोणी काळी दोनांत, आणि स्त्रिया बहुधा पांढरी चार ते काळी पांच ह्यांच्या दरम्यान. स्वरांची जात रागावर अवलंबून. एकच झिंझोटी बाप काळी एकांत गाईल आणि मुलगी काळी चारांत गाईल. झिंझोटीचें त्यांत कांहींच बिघडत नाहीं. पट्टीला स्वतःचा भाव आहे असें आपल्याकडे कोणत्याही जाणत्यानें म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

युरोपांत मात्र तसें म्हणणारे पुष्कळ झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस शूबार्ट नांवाच्या जर्मन पंडितानें चोवीसही पट्ट्यांना निरनिराळे स्वभाव वांटून दिले. त्याचा ग्रंथ १८०६ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. एका पट्टींत प्रणयाचा विलाप, दुसरींत विजयाचा घोष, अशी ही वांटणी पाहून आपल्याकडील रागरागिण्यांच्या ध्यानांची आठवण होते. गंमत ही कीं, त्या काळीं खुद्द युरोपांत आधारस्वर निश्चित नव्हता. गांवोगांवच्या ऑर्गनांचे स्वर वेगळे असत. फ्रान्सनें आपला स्वर कायद्यानें ठरविला तो १८५९ सालीं, सेकंदास ४३५ कंपनांवर. ४४० कंपनांवर लंडनच्या परिषदेंत बहुतेक राष्ट्रांचें एकमत झालें तें १९३९ सालीं. म्हणजे शूबार्टच्या काळची एक पट्टी आजच्या पियानोवर कित्येकदां शेजारच्या पट्टींत जाऊन पडते, आणि तिचा स्वभाव मात्र तिच्या मूळ नांवालाच चिकटून राहतो!

आपल्या तबकडीची स्थिति याहूनही नाजूक आहे. ‘७८ फेऱ्यांची तबकडी’ असें आपण सरसकट म्हणतों, परंतु हा आंकडा सर्वमान्य होण्यास बराच काळ जावा लागला. पूर्वींच्या मुद्रिका सत्तरपासून ऐंशींच्याही पुढच्या वेगापर्यंत घेतल्या जात. मुद्रणयंत्र वजनाच्या ओढीनें फिरे आणि त्याचा वेग यंत्रावर बसलेल्या मनुष्याच्या अनुभवावर सोंपविलेला असे. पुढें विजेवर चालणारीं यंत्रें आलीं, तेव्हांही अमेरिकेंतील विजेवर ७८.२६ आणि आपल्याकडील किंवा इंग्लंडांतील विजेवर ७७.९२ असे दोन वेग झाले. ह्या दोहोंतील फरक कानाला जाणवण्यासारखा नाहीं. पण मूळ तबकडी ७४ फेऱ्यांवर भरलेली असून आपण ती ७८ वर वाजविली तर पट्टी जवळजवळ एका पूर्ण अर्धस्वरानें चढते. काळी एकांत गाणारा गवई पांढरी दोनांत गाऊं लागतो! आणि घरोघर चावीचे ग्रामोफोन होते त्या काळीं, चावी द्यायची राहून गेली कीं शेवटच्या अर्ध्या मिनिटांत खुद्द खाँसाहेबही कसे खालीं खालीं जात, हें वडील मंडळींनीं अनुभवलेलें आहे.

तेव्हां ह्या मुद्रिकेची पट्टी कोणती ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना, ती कोणत्या वेगानें फिरविली हें आधीं विचारलें पाहिजे. संगणक जी पट्टी सांगतो ती खाँसाहेबांची नसून, ज्या कोणी त्या तबकडीचें पुनर्मुद्रण केलें त्याच्या यंत्राची आहे. मूळ वेग शोधून काढण्याचे मार्ग आहेत, नाहींत असें नाहीं. एकाच बैठकींत घेतलेल्या मुद्रिका एकमेकींशीं ताडून पाहतां येतात, कारण गवई एका बैठकींत सहसा षड्ज बदलत नाहीं. साथीच्या पेटीच्या स्वरावरूनही अंदाज बांधतां येतो. मात्र जुन्या पेट्यांचे सूर कारखान्याकारखान्यास वेगळे असत हें विसरूं नये. शेवटचा मार्ग कानाचा : व्यंजनांचा उच्चार आणि श्वासाचा ओघ मनुष्याचा वाटतो कीं बाहुलीचा वाटतो, हें पाहणें. पुनर्मुद्रण करणाऱ्यांनीं आपण तबकडी कोणत्या वेगानें फिरविली एवढें एक वाक्य वेष्टनावर छापलें, तर निम्मे वाद मिटतील. आम्ही पाहिलेल्या वेष्टनांवर गायकाच्या पदव्यांना जागा असते, ह्या वाक्याला नसते.

वाचक म्हणतील, पट्टींत भाव नाहीं असें तुम्हीच म्हणतां, मग एवढी चिकित्सा कशाला? तिला कारण आहे. तबकडीचा वेग वाढला असतां सर्व स्वर सारख्याच प्रमाणानें चढतात. षड्ज आणि गंधार ह्यांचें नातें जसेंच्या तसें राहतें. राग बिघडत नाहीं. पण आवाजाचा पोत बिघडतो. प्रत्येक गळ्याला शरीररचनेनें दिलेला एक रंग असतो, आणि वेगाबरोबर तोही चढून आवाज कोंवळा व चिरका होतो. खाँसाहेबांचा आवाज मुळांतच उंच, बारीक आणि अणकुचीदार. तो आणखी अर्धस्वरानें चढविला कीं त्यांतील मार्दव जाऊन नुसतें टोंक उरतें. आणि पुढच्या पिढींतील गायक तें टोंकच किराण्याचें मर्म समजून गळा आवळून गाऊं लागतात. अशीं उदाहरणें आम्हीं मैफलींतून ऐकलीं आहेत. यंत्राचा दोष गुरूचा गुण म्हणून शिकला जावा याहून विपरीत तें काय?

आतां लय. येथेंही पहिली अडचण तीच. ७४ वर भरलेल्या तबकडींत तबल्याच्या मात्रा मिनिटास ५७ पडत असतील तर ७८ वर त्या ६० पडतील, आणि सव्वातीन मिनिटांचें गाणें दहाबारा सेकंद आधींच संपेल. पट्टी आणि लय ह्या तबकडीवर एकाच दोरीनें बांधलेल्या आहेत. एक ओढली कीं दुसरी सरकते. पण दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे. मिनिटास किती ठोके हा प्रश्न तबल्याला विचारतां येईल. खाँसाहेबांच्या गळ्याला विचारतां येणार नाहीं.

तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहून ज्यानें ‘संगीतरत्नाकर’ लिहिला त्या शार्ङ्गदेवानें लयीची जी व्याख्या दिली आहे ती आमच्या मतें अजूनही अजोड आहे. क्रियेनंतर जी विश्रांति येते ती लय, असा तिचा आशय. व्याख्येचा भर वेगावर नाहीं, ठोक्यांच्या संख्येवर नाहीं. दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेवर आहे. खाँसाहेबांची ही मुद्रिका ऐकतांना ह्या व्याख्येचा अर्थ जसा उलगडतो तसा कोणत्याही टीकाग्रंथांत उलगडत नाहीं. तबला आपल्या ठरल्या चालीनें चाललेला असतो. त्यांत घाई नाहीं, आळस नाहीं. गायक मात्र शब्द त्याच्या ठोक्यावर आदळीत नाहीं. अक्षर संपतें आणि स्वर मागें उरतो. तो स्वर पुढच्या स्वराकडे मींडेनें सरकतो. आणि आतां समेला चुकणार असें वाटत असतांना अगदीं सहज तेथें येऊन पोंचतो. पूर्वेकडील ठुमरींत शब्दाला नाना तऱ्हेनें नटवून त्याच्यांतून अर्थाच्या छटा काढण्याची चाल आहे, आणि ती मोठी रमणीय आहे. खाँसाहेबांना त्या नटव्याची फारशी ओढ नाहीं. शब्द त्यांना स्वराला टेंकण्यापुरता हवा असतो. ह्यावरून ‘ही ठुमरी नव्हेच’ असें म्हणणारे टीकाकार आहेत. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य असलें तरी, ठुमरी नव्हे म्हणून तें कमी प्रतीचें, हा त्यांचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं.

लयीविषयीं एवढें पुरे. खरा वाद आहे तो रसाचा.

झिंझोटी हा खमाज थाटांतील राग. ह्यांत निषाद कोमल, बाकी सगळे स्वर शुद्ध. मंद्र आणि मध्य सप्तकांत तो विशेष रमतो. मंद्र धैवतावरून षड्जाकडे, तेथून रिषभ, आणि मध्यमाला स्पर्श करून गंधारावर विसांवा, ही त्याची ओळखीची चाल. शास्त्रकारांनीं त्याला ‘क्षुद्र प्रकृती’च्या रागांत बसविलें आहे. पारिभाषिक अर्थ एवढाच कीं त्यांत विस्तृत ख्याल गाण्याची प्रथा नाहीं, ठुमरी-टप्पे गातात. पण शब्द मोठा दुर्दैवी निवडला गेला हें खरें.

युरोपीय कानाला हे स्वर ‘मेजर’चे वाटतात, कारण गंधार शुद्ध आहे. आणि मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी, हें समीकरण इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून आमच्या पिढीच्या डोक्यांत पक्कें बसलेलें! त्या हिशेबानें हें गाणें प्रसन्न ठरावयास हवें. इकडे शब्द प्रियाच्या विरहाचे, आणि ऐकणाऱ्याच्या काळजाला तर हात घातला जातो. तेव्हां कोणी म्हणतात, शब्दांमुळें तें करुण झालें. कोणी म्हणतात, आवाजामुळें. दोहोंचेंही गृहीत एकच, कीं गाणें करुण आहे आणि स्वर मात्र आनंदी आहेत, आणि गायकानें त्या स्वरांवर कशीबशी मात केली आहे.

आमचा आक्षेप ह्या गृहीतावर आहे. भरतानें ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायांत करुण आणि विप्रलंभ ह्यांच्यांत भेद केला आहे तो येथें स्मरावा. दोहोंतही वियोग आहे, अश्रु आहेत, चिंता आहे. पण करुण निरपेक्ष आहे. जें गेलें तें परत येण्याची आशा त्यांत उरलेली नसते. विप्रलंभ सापेक्ष आहे. गेलेला येईल ही अपेक्षा त्यांत जिवंत असते, आणि म्हणूनच तो शोकाचा प्रकार न होतां शृंगाराचा प्रकार होतो. इंग्रजींत ह्या दोहोंना एकच ‘सॅड’ हा शब्द पुरतो. यादींतील शून्य ते एक ह्या आंकड्यालाही हा भेद दाखवितां येत नाहीं, कारण हा भेद कमीअधिक दुःखाचा नसून दुःखाचें तोंड कोणत्या दिशेला आहे ह्याचा आहे.

ही मुद्रिका विप्रलंभाची आहे, करुणाची नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. आणि त्याची साक्ष त्याच शुद्ध गंधारांत आहे जो पाश्चात्त्य समीक्षकाला अडचणीचा वाटतो. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळलेली असेल तर तिच्यांतून आपोआप एक गंधार उमटतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतों. पेटीच्या पट्टीवरील गंधार ह्याहून किंचित् चढा असतो, एका अर्धस्वराच्या सुमारें सातव्या हिश्श्यानें. हा फरक लहान, पण खाँसाहेबांसारख्या गायकाला तो असह्य व्हावा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. त्यांच्या आणि क्लेमेंट्स नांवाच्या इंग्रज न्यायाधीशांच्या प्रयोगांना खाँसाहेबांनीं आपल्या गळ्याचें साहाय्य दिलें होतें. त्या प्रयोगांतून निघालेल्या सिद्धांतांवर पुढें बराच वाद झाला, आणि देवलांच्या सर्व गणिताशीं आम्हीही सहमत नाहीं. परंतु प्रयोगासाठीं ह्याच गळ्याची निवड व्हावी हें पुरेसें बोलकें आहे.

ह्या मुद्रिकेंत स्वर मंद्रांतून वर येतो तो जड पावलानें. मध्यमावर क्षणभर घुटमळतो. आणि गंधारावर उतरतो तेव्हां त्या जडपणांतून एकदम उजेड पडल्यासारखें होतें. तेथें गायक थांबतो. तंबोऱ्याचा गंधार आणि गळ्याचा गंधार एकमेकांत मिसळून जातात. हा क्षण दुःखाचा म्हणावा तर स्वर तसें म्हणूं देत नाहीं, सुखाचा म्हणावा तर मंद्रांतील ती चढण आठवते. वाट पाहणाऱ्या माणसाला पाऊल वाजल्याचा भास व्हावा तसा हा गंधार आहे. पुढें कोमल निषाद येतो आणि तो भास होता हें कळतें; मग पुन्हां मंद्र, पुन्हां ती चढण, पुन्हां गंधार. एका हताश माणसाला असें वारंवार वर येण्याचें कारण नसतें. आशा सुटली कीं माणूस खालींच बसून राहतो.

येथें एक आक्षेप संभवतो. थाट तोच असून खमाजांत, तिलंगांत हा परिणाम कां होत नाहीं? उत्तर सोपें आहे. हे राग मध्य आणि तार सप्तकाकडे झुकतात. त्यांचा गंधार खालून इतका भार घेऊन येत नाहीं. उजेड तोच, पण आधीं काळोख असावा लागतो. थाटावरून भाव ठरविणाऱ्यांची चूक हीच कीं ते स्वरांची यादी पाहतात, स्वरांची वाट पाहत नाहींत.

ह्या मताची कसोटी घेण्यास एक साधन सुदैवानें उपलब्ध आहे. १९३५ सालीं न्यू थिएटर्सच्या ‘देवदास’ ह्या हिंदी चित्रपटांत कुंदनलाल सैगल यांनीं हीच ठुमरी गाइली. शब्द तेच, राग तोच. पट्टी खालची, कारण सैगलांचा गळा खर्जाचा. गाण्याची रीत जवळजवळ बोलल्यासारखी, शेजारीं बसून कोणी मन मोकळें करावें तशी. आम्ही ह्या गाण्याला दुय्यम मानत नाहीं. खाँसाहेबांची नक्कल न करतां त्यांची चीज गाणें हें त्या काळांत धाडसाचें होतें, आणि सैगल तें अतिशय निगर्वीपणें करून गेले. परंतु दोन्ही मुद्रिका एकामागून एक लावून पाहाव्या. सैगल गंधारावर थांबत नाहींत; त्यांचा स्वर तेथें टेंकतो आणि सुस्कारा सोडल्यासारखा खालीं येतो. खाँसाहेबांनीं ठुमरीचा रिवाज पाळून जी नायिका उभी केली आहे, ती अजून दिवा लावून बसलेली आहे. सैगलांचा नायक पुरुष आहे, शरच्चंद्रांचा देवदास आहे. त्याची प्रिया दुसऱ्याच्या घरीं गेलेली आहे आणि तो तिच्या दाराशीं मरणार आहे हें प्रेक्षकांस ठाऊक आहे. तेथें अपेक्षेला जागा कोठली? तेंच गाणें, तेच स्वर, आणि रस करुण. ‘आर्त’ आणि ‘करुण’ हीं विशेषणें ज्यांना वापरावयाचींच असतील त्यांनीं पहिलें खाँसाहेबांना द्यावें आणि दुसरें सैगलांसाठीं राखून ठेवावें.